सरकारसाठी बांधलेला खोडा

गल्लीत त्या सुताराला सगळे काटकोन म्हणत. दार केसभर तिरकं बसलं की त्याला जेवण जात नसे, आणि एखाद्या गोष्टीचं कारण कळलं नाही की झोप लागत नसे. सध्या त्याची झोप घरच्या गाईने उडवली होती.

गाईला तो सरकार म्हणायचा, कारण घरात हुकूम तिचाच चाले. जन्मताच आई गेलेलं ते वासरू सुताराच्या बायकोने बाटलीने दूध पाजून वाढवलं होतं. धार काढायला बसताना बायको तिच्या मागच्या पायांना दोरीचा वेढा टाकायची. तोही इतका सैल, की गाईने मनात आणलं असतं तर सहज झटकून दिला असता. पण सरकार पान्हा सोडून निवांत आंबोण खात उभी राहायची. एकदा सुताराने तोच वेढा, तीच गाठ मारून पाहिली, वर बायकोपेक्षा घट्ट. गाईच्या लाथेने चरवी छपराला लागून खाली आली. दोष दोरीत आहे की आपल्यात, हे त्याला काही केल्या कळेना.

पण आता प्रश्न धारेचा राहिला नव्हता. दूध आटत चाललं होतं आणि गाय गाभण राहत नव्हती. दोनदा माजावर आली, दोनदा जनावरांचा डॉक्टर रेतनाची नळी घेऊन आला, आणि दोन्ही वेळा खांबाला बांधलेल्या सरकारने असा धिंगाणा घातला की काम अर्धवट राहिलं. डॉक्टर मांडी चोळत म्हणाला, आधी खोडा करा, जनावर हलू नये म्हणून उभं करायचा लाकडी सांगाडा, त्याशिवाय मी हात लावणार नाही. त्यात बायकोच्या धाकट्या भावाने निरोप धाडला: या खेपेला नाही जमलं तर गाय माझ्याकडे नेतो, गोठ्यात वळू आहे, ती तिथेच राहील. त्याचं काही चुकत नव्हतं. भाकड गाय नुसती पोसायची किती? त्या दिवसापासून बायको गोठ्यात उगाचच रेंगाळू लागली, आणि ते सुताराच्या काळजाला लागलं.

त्याने खोडा बांधायला घेतला. जन्मभर कपाटं केलेला माणूस, त्याने खोडाही कपाटच केला. दोन्ही बाजूंनी आणि समोरून रंधा मारलेल्या फळ्या, कुठे फट म्हणून नाही, मागे सरकता दांडा. येणारेजाणारे हात फिरवून पाहत. गाय पुन्हा माजावर येऊन हंबरू लागली त्या सकाळी डॉक्टर आला, आणि सरकार खोड्याच्या तोंडाशी जी अडली ती अडलीच. ओढून झालं, ढकलून झालं, पेंड दाखवून झाली. डॉक्टरला दुसरीकडे जायचं होतं. दुपारी येतो, तोवर हिला आत घाला, नाहीतर नाद सोडा, असं सांगून तो गेला.

सुतार बराच वेळ डोकं धरून बसला. मग आसपास कुणी नाही असं बघून हातागुडघ्यांवर रांगत स्वतःच खोड्यात शिरला. गाईला आतून काय दिसतं ते त्याला पाहायचं होतं. एवढ्यात मागे खट्कन दांडा पडला. बायको आली होती.

"आता थांबा जरा आतच," ती म्हणाली. "समोर काय दिसतंय?"

"फळी."

"आणि मी?"

"तू मागे आहेस. काय करतेस ते कळत नाही." त्याने मान मागे वळवायचा प्रयत्न केला. "अगं, काढ तो दांडा. भीती वाटते इथे."

बाहेर आल्यावर त्याने गुडघेसुद्धा झटकले नाहीत. हातोडा घेतला आणि समोरच्या त्या सुबक फळ्या एकेक करून उचकटून टाकल्या. जीव तुटत होता, पण हात थांबला नाही. मोकळ्या जागी मान बाहेर निघेल अशा दोन दांड्या ठोकल्या आणि पलीकडे गव्हाण सरकवली. बायको गव्हाणीमागे उभी राहिली. सरकारने तिच्याकडे पाहिलं, फुरफुरली, आणि आपल्या पायांनी आत गेली. डॉक्टर आला तेव्हा बायको तिचं कपाळ खाजवत होती. गाईने एकदा पाय आपटला, बाकी काम बिनबोभाट झालं.

पुढे नुसती वाट पाहायची होती. तीन आठवडे उलटले, सरकार हंबरली नाही. तरी बायको खूश व्हायला घाबरत होती. शेवटी दोन-अडीच महिन्यांनी डॉक्टर तपासायला यायचा होता, त्याच दिवशी भाऊ टेम्पो घेऊन हजर झाला, खांद्यावर नवंकोरं दावं. बायकोने त्याला बसायला सांगितलं, पण स्वतः काही बसली नाही.

डॉक्टरने तपासलं, बादलीत हात धुतले आणि गाय गाभण असल्याचं सांगितलं. बायकोने सगळ्यांदेखत पदराने डोळे पुसले. आपली खेप फुकट गेली, असं हसत म्हणून भाऊ टेम्पोकडे निघाला.

"दावं ठेवून जा," ती म्हणाली. "वासराला लागेल."