थांबाकाका आणि माझी तापलेली गाडी

त्यांना सगळे थांबाकाका म्हणतात. माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान, तरी मीही काकाच म्हणते. पेट्रोल पंपामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये तीस वर्षं गाड्या दुरुस्त करतात. उमेदवारीत एकदा तापल्या रेडिएटरचं झाकण उघडलं आणि डाव्या हाताची कातडी सोलून निघाली. तेव्हापासून इंजिन गार झाल्याशिवाय झाकणाला बोट लावायचं नाही, गिऱ्हाईक कितीही बोंबलो.

त्या दिवशी बोंबलणारी मी होते. धाकट्या बहिणीचं हृदयाचं ऑपरेशन दोन वाजता. हॉस्पिटल पन्नास किलोमीटरवर. आणि साडेनऊलाच, काकांच्या शेडजवळ, तापमानाचा काटा लाल रेघेवर, बॉनेटमधून वाफ. टॅक्सीवाला म्हणाला, संध्याकाळशिवाय जमणार नाही.

"थांबा," काका म्हणाले.

"ती मला भेटल्याशिवाय आत जाणार नाही म्हणतेय!"

"झाकण आत्ता उघडलं तर तुम्हीही शेजारच्या खाटेवर. बसा, मावशी."

बसते कसली! येरझाऱ्या घातल्या. त्यांनी तेवढ्यात पट्टा दाबून पाहिला, पंखा फिरवून पाहिला. दोन्ही ठीक. मग विचारलं, "पाणी कुठलं घालता?"

"कूलंट. दुसरं काय घालणार?" मी ठणकावून सांगितलं.

साफ खोटं. वर्षभर बोअरचं पाणी ओतत होते. काकांनी दोनदा बजावलं होतं, तरी. रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेली मी, पाण्यातल्या क्षारांवर पानंच्या पानं लिहिलेली! कबूल करायचं कोणत्या तोंडाने? परवाच मनाला टोचलं म्हणून वरून एक बाटली कूलंट ओतलं होतं. त्यामुळे बाजूच्या प्लॅस्टिकच्या टाकीतलं पाणी हिरवट दिसत होतं.

त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. म्हणजे दोष थर्मोस्टॅटचा, गरम झाल्यावर पाण्याला वाट देणाऱ्या त्या झडपेचा. इंजिन गार झाल्यावर ती खोलून काढली, चहाच्या पातेल्यात उकळत ठेवली आणि वाकून बघत बसले. मी घड्याळ बघत होते. अकरा. सव्वाअकरा. पाण्याला उकळी आली आणि झडप अगदी शहाण्यासारखी उघडली.

"ही तर ठणठणीत आहे," ते पुटपुटले. उठून रेडिएटरच्या तोंडात बोट घातलं. बाहेर आलं ते पांढरं, खरखरीत.

त्यांनी बोट माझ्यासमोर धरलं.

"बोअरचं आहे," मी म्हणाले. "वर्षभर."

"तासाभरापूर्वी का नाही सांगितलंत?"

"लाज वाटली."

"बरं," म्हणाले आणि रेडिएटर सोडवला. खालून उलटं पाणी मारलं. पांढरा चिखल भसाभसा पडला. पूर्ण नाही निघाला, पण वाट झाली. बारा वाजले.

"किल्ली द्या. मी चालवतो. तुम्ही घाई कराल."

भर उन्हात खिडक्या उघड्या आणि हीटर पूर्ण सुरू, इंजिनाची उष्णता आत खेचायला. चाळिसाच्या वर वेग नाही. इंजिन गार करायला दोनदा गाडी उभी केली, तेव्हा मी हातातला रुमाल पिळत बसले. एरवी शर्टावर थेंबभर तेल पडलेलं न खपणारा हा माणूस घामाने निथळत होता. डोळे काट्यावर.

पावणेदोन वाजून गेल्यावर पोचलो. बहिणीला स्ट्रेचरवरून नेत होते. तिने माझी बोटं पकडली, म्हणाली, "काय गं, इतका उशीर?" मी तोंड उघडलं, तोवर दार लागलं.

दोन क्षण मिळाले. एक तास मिळायला हवा होता.

बाकावर काका शेजारी बसले. संध्याकाळी डॉक्टर बाहेर येऊन "सुखरूप आहे" म्हणाले, तोवर काका जागचे हलले नाहीत.