गल्लीवरची तार

रफीकभाई गेल्याचा फोन अंजनगाव सुर्जीहून आला, तेव्हा अमरावतीच्या कार्यालयात दुपारची बैठक सुरू होती. निरोप त्रोटक होता : छातीत दुखलं, अकोल्याला नेताना वाटेतच गेले. बोलणाऱ्यानं स्वतःचं नाव सांगितलं नाही. तो आवाज त्यांच्या थोरल्या भावाचा, हनीफभाईंचा होता, हे नंतर कळलं...

रफीकभाई आमच्या दैनिकाचे अंजनगावचे वार्ताहर. मूळ धंदा फोटोग्राफीचा. वडिलांचा स्टुडिओ दोघा भावांनी मिळून चालवला. घरं समोरासमोर, मध्ये अरुंद गल्ली. रफीकभाई आपल्या संगणकावर फोटो दुरुस्त करत आणि ते गल्लीवरून ओढलेल्या केबलनं हनीफभाईंच्या संगणकावर छपाईला जात. पुढे स्टुडिओच्या वाटणीवरून बिनसलं. रफीकभाई भावाचा उंबरा चढेनासे झाले. आई मात्र हनीफभाईंकडे, अंथरुणाला खिळलेली. तोड तिनंच काढली. तार राहू द्या म्हणाली, तिला कॅमेरा लावा. तेव्हापासून दिवस मावळल्यावरची मगरिबची नमाज झाली की हनीफभाई संगणक सुरू करत, कॅमेरा आईच्या खाटेकडे वळवत आणि खोलीबाहेर जात. रफीकभाई इकडून आईशी बोलत. भाऊ कधी दिसत नसे. तार जिथं संगणकात शिरते तिथं मागच्या बाजूला एक बारीक हिरवा दिवा असतो. तो लागला की समोरच्या घरात भावानं यंत्र सुरू केलं, एवढं समजे.

नेमकी तीच आमची बातम्यांची वेळ. ती वर्षं नापिकीची होती. तालुक्यातून येणारी बातमी बरेचदा एकाच प्रकारची असे, शेतकऱ्यानं जीव दिल्याची. रफीकभाई ती त्या गावात जाऊन, नावाची खात्री करून, फोटोसह पाठवत. त्यासाठी त्यांनी बिनतारी इंटरनेटचा डोंगल घेतला आणि घोळ सुरू झाला. रेंज पुरेपूर, तरी बातमी हलेना. दोन्ही जोडण्या एकदम चालू असल्या की संगणक तारेलाच आधी मान देई, सगळा मजकूर तिच्यावरूनच पाठवू पाही. आणि तार तर समोरच्या घरात जाऊन संपत होती.

मी फोनवर सांगितलं, "थोडा वेळ तार काढा, बातमी पाठवा, परत लावा."

"तार नाई काढत, साहेब."

"का?"

"काढली का त्याच्याइकडचा दिवा बुजते. त्याले वाटन, यानं तोडलं. मंग तो कॅमेराई काढून ठेवन. अम्मीले मी कुठून पाहू?"

"रफीकभाई, पान थांबलंय."

"थांबू द्या ना मंग. पाहून राहिलो न मी."

त्या दिवशी बातमी पहिल्या आवृत्तीत गेली नाही. कार्यालयात कुणीतरी म्हणालं, दोन-दोन कनेक्शनं आहेत तर दुप्पट वेगानं यायला हवी होती. हे मी त्यांना सांगितलं, तेव्हा ते हसले. "त्याले म्हना, घराले दोन दारं असले म्हून तू दोन्हीतून एकदम बाहेर पडतं का?"

ते चिकाटीनं त्या घोळामागे लागले आणि चूक सापडली. तार बसवताना तिच्या सेटिंगमध्ये बाहेरच्या जगाचा रस्ता म्हणून हनीफभाईंच्या संगणकाचा पत्ता भरला गेला होता. रफीकभाईंनी तेवढा रकाना रिकामा केला. मग तारेवरून फक्त भावाच्या घरी जाता येऊ लागलं आणि बाकी सगळं बिनतारी जाऊ लागलं. एका खिडकीत आई बोलत असे, दुसरीतून बातमी अमरावतीला निघालेली असे. कधी मला फोनवर तिचा आवाज ऐकू येई, "जेवला का रे?" आणि त्यांचं उत्तर, "हां अम्मी, अबी खाता."

आई वारली. कॅमेऱ्यापुढची खाट उचलली गेली. भाऊ तरीही एकमेकांशी बोलले नाहीत. तार काढायला आता हरकत नव्हती. ती काढली का नाही, हे मी कधी विचारलं नाही. विचारण्याइतकी आमची सलगी नव्हती...

गेल्या आठवड्यात अंजनगावला गेलो. रफीकभाईंच्या मुलीनं दार उघडलं. भाभींची इद्दत सुरू आहे. नवऱ्यामागे बाईनं घरातच राहण्याचे हे महिने, परक्या पुरुषासमोर येता येत नाही. त्या आतल्या खोलीच्या पडद्याआडून बोलल्या. मातीच्या दिवशी हनीफभाई गल्ली ओलांडून आले, भावाला खांदा दिला. पण या काळात जेठही, म्हणजे नवऱ्याचा थोरला भाऊही, परकाच. त्यामुळे आता त्यांनाही या घरात येता येत नाही.

बोलता बोलता मगरिबची अजान झाली. थोड्या वेळानं भाभींनी मुलीला हाक मारली, "बेटा, अब्बूचा कम्प्युटर लाव."

"कुणी काम करतं त्याच्यावर?" मी विचारलं.

"कोणाले येते? तो डोंगल तं आमी कवाच बंद केला," पडद्याआडून उत्तर आलं. "नुसता लावून ठेवतो. त्यायच्याइकडे दिवा दिसला पाह्यजे ना."

निघताना मी वाकून संगणकाच्या मागे पाहिलं. डोंगलची जागा रिकामी होती. तारेशेजारचा दिवा लागलेला होता.