अफूच्या गावचा पाटील इंदापुरात

जुने सहकारी भेटले की किस्से निघतातच, आणि आमच्या बारामतीच्या शेती प्रशिक्षण केंद्रातले किस्से तर एका चहात संपत नाहीत! पण लाओसच्या पाहुण्यांचा विषय निघाला, की आम्ही सगळे जरा सावरून बसतो.

गोष्ट नव्वदच्या दशकातली. त्यांच्या डोंगरात अफू पिकायची आणि तस्करांमार्फत जगभर जायची. ती थांबवायला एका श्रीमंत देशानं लाओसला मदत दिली. त्या मदतीतून तिथले शेतकरी दुसरं पीक शिकायला थेट आमच्याकडे! मी त्यांना डाळिंब शिकवायचो.

त्यांच्यात बुनमी नावाचे म्हातारे पाटील होते. धाकटा मुलगा अफूच्या नादी लागलेला. पाऊस संपला की तिकडे पेरणी. यंदा अफू पेरायची की नाही, हे गाव बुनमींच्या तोंडून ऐकणार होतं.

*

पहिल्याच आठवड्यात त्यांना इंदापूरकडे तात्या नावाच्या एका डाळिंब बागायतदाराच्या मळ्यात नेलं. तात्यांनी बहारासाठी बागेला ताण दिलेला, म्हणजे मुद्दाम पाणी तोडलेलं. पानं गळून झाडांचे नुसते खराटे! ताण म्हणजे काय, हे मी अजून शिकवलंच नव्हतं.

जेवणं झाली आणि बघतो तर काय, सगळे पाहुणे विहिरीवरून घागरी भरभरून झाडांना पाणी घालतायत!

त्यांच्यासोबतचा दुभाषी म्हणाला, "त्यांना वाटलं, हा माणूस बुडाला. ज्यानं जेवू घातलं त्याची बाग तरी वाचवू."

दोन ओळींचा बहार गेला. तात्या आता भडकणार, असं आम्हाला वाटलं. तात्या डोळे पुसत म्हणाले, "घालू द्या. माज्या भावकीनं कदी घागरभर पानी घातलं न्हाय!"

*

एकदा आमच्या ऑफिसातल्या कांबळ्यांनी सगळ्यांना घरी चहाला बोलावलं. बुद्धाची तसबीर दिसताच बुनमी गुडघ्यांवर बसले आणि पाली भाषेतलं त्रिशरण म्हणू लागले. कांबळ्यांची आई पदर सावरत शेजारी बसली आणि तिनंही सूर धरला. उच्चार थोडे वेगळे, पण दोघं बरोबरच थांबले.

"ह्यो तर आपल्यातलाच हाय की!" कांबळ्यांची आई म्हणाली.

दुभाषी म्हणाला, "आज मला सुट्टी!"

*

एकदा तात्यांनी बुनमींना सरळच विचारलं, "पाटील, येवढं वंगाळ पीक हाय, तर सोडत का न्हाय?"

"अफूचा व्यापारी खेचर घेऊन दारात येतो," बुनमी म्हणाले. "तुमचं डाळिंब न्यायला आमच्या डोंगरात कोण येईल?"

वादात कधी न हरणारे तात्या लगेच म्हणाले, "व्हय बाबा. हितं ट्रक एक दिस उशिरा आला तरी माजी झोप उडती."

*

अधिक महिना होता. तात्यांच्या घरी त्यांच्या पत्नी आक्का जावयासाठी अनारसे करत होत्या. ताटातल्या खसखशीवर अनारसा थापायचा आणि तुपात सोडायचा. बुनमी बघत उभे राहिले. त्यांनी दोन दाणे चिमटीत घेतले आणि घाबरून दाराकडे पाहिलं.

"हे अफूचं बी! तुम्हाला पोलीस धरत नाहीत?"

"खसखस हाय, पाव्हणं. वाण्याकडं मिळती," आक्का म्हणाल्या. "आमी खातो."

"पेरत नाही?"

"खायाला आनलेली वस्तू कोन पेरतंय!"

दुभाष्यानं हे बुनमींना सांगितलं. मग त्यांनी कमरेची एक कापडी पिशवी सोडली. त्यात यंदाच्या पेरणीसाठी राखलेलं घरचं बी होतं. मागं ठेवलं तर मुलगा पेरेल, म्हणून ते अंगावरच घेऊन फिरत होते.

त्यांनी पिशवी आक्कांच्या ताटात उपडी केली.

आक्कांनी एकदा तात्यांकडे पाहिलं. मग त्या बियांवर अनारसा थापला, तुपात तळला आणि जावयाच्या आधी तो बुनमींच्या हातावर ठेवला.