ओबिडियंट कोण?

निजामाच्या राज्यात इंग्रजी आमच्या वाशीच्या घरात आली ती उर्दूच्या खांद्यावर बसून. धाकटा भाऊ धाराशिवच्या शाळेत होता. सुट्टीत घरी आला की तो मोठ्यानं घोकायचा आणि मी ज्वारी निवडता निवडता ते उचलायचे. "ओबिडियंट म्हणजे फर्माबरदार. द हॉर्स इज ओबिडियंट. द डॉग इज ओबिडियंट." मराठीत त्याला काय म्हणतात, असं विचारलं तर म्हणाला, "परीक्षेत मराठी विचारत न्हाईत, अक्का." माझी आपली समजूत झाली की हा सांगेल ते ऐकणाऱ्या जनावरांचाच गुण असावा. गाय मारकी असते, तसा घोडा ओबिडियंट असतो.

मला तेव्हा एकच हाव होती, शाळेत जायची. गावात मुलींच्या शिकण्याची सोय नव्हती. हैदराबादला नोकरीला असलेल्या एका मुलाचं स्थळ आलं आणि आत्यानं निरोप आणला, "पोरगा म्हणतोय, लग्नानंतर तिला शाळंत घालतो." झालं! मुलगा काळा की गोरा हे न बघताच मी मनातून हो म्हणून बसले.

तो बघायला आला तो काकांना घेऊन. त्याचे वडील नव्हते, काकांनीच त्याला वाढवलेलं. काका तहशिलीत पेशकार, साहेबापुढे कागद ठेवणारे. कपाळावर विभूती, जिभेवर उर्दू. पोहे झाल्यावर त्यांनी मला चालून दाखवायला लावलं, सुईत दोरा ओवायला लावला आणि मग म्हणाले, "इंग्रजी येतंय म्हणं तुला. ओबिडियंट जुमल्यात घालून दाखव बरं."

जुमला म्हणजे वाक्य, एवढं मला ठाऊक होतं. घोडा मी मुद्दाम टाळला. तो पुस्तकातला, उष्टा.

"द बुलॉक इज ओबिडियंट."

भाऊ दाराआडून खुलला. काकांच्या कपाळाला मात्र आठ्या पडल्या. "बैल नगं. माणूस घाल."

माणूस? मी पुरती गोंधळले. यात माणूस कसा घालतात? वडील घालावेत तर ते कुणाच्या बापाचं ऐकत नसत. आई सगळ्यांचं ऐकून घ्यायची आणि शेवटी स्वतःचंच करायची. खोटं वाक्य केलेलं चालतं का, हे तरी कुणाला विचारणार? शाळा हातची चालली असं वाटून मी सुईतला दोरा ओढून काढला आणि पुन्हा ओवला.

काका पुतण्याकडे वळले. "तू सांग रं."

तो पटकन म्हणाला, "आय अ‍ॅम ओबिडियंट."

तो मला उत्तर सुचवत होता की स्वतःबद्दल बोलत होता? मला काही उमगेना. काका मात्र खूश झाले. "पोरगी पसंत हाय आमाला. आन् शाळंचं म्हणाल, तर इंग्रजी येतंय की तिला. आता कशाला शाळा?"

मी मुलाकडे बघितलं. त्यानं पानाचं देठ खुडलं आणि म्हणाला, "व्हय, काका."

पाहुणे गेले. घरात साखर वाटली. मी भावाला मागीलदारी गाठलं. "त्यांचं वाक्य बरोबर होतं का रे?"

"एकदम बरोबर, अक्का. आमचे मास्तर पुरे मार्क देतील. पर तू रडतीस कशाला?"

माझं मलाच तेव्हा नीट कळलं नव्हतं. कळलं, तेव्हा अंगाला हळद लागली होती.