मागे ठेवलेला चेंडू

ये गं शकू, अशी जवळ ये. कागदावरून का होईना, पण जवळ ये, कारण मला तुझा कान धरायचाय. मागच्या खेपेला वाडीत हिंडताना तुला ठेच लागली आणि तू मोठ्यानं म्हणालीस, "हा धोंडा कुठल्या शहाण्यानं ऐन वाटेत आणून ठेवलाय?" तेव्हा पाहुणे होते म्हणून मी गप्प बसले. तो शहाणा म्हणजे तुझे पणजोबा, माझे मामंजी. त्यांच्या धोंड्याला नावं ठेवायची तर आधी तो तिथं कसा आला ते ऐकून घ्यायचं, मग खुशाल ठेवायची.

रेवसपासून हरिहरेश्वरापर्यंतच्या सगळ्या किनाऱ्यावर माझ्या मामंजींइतका हट्टी माणूस दुसरा झाला नाही. झाला असता तर दोघांनी मिळून समुद्र चार हात मागे सारला असता. हरणं ही गोष्ट त्यांना मान्यच नव्हती. सासूबाईंबरोबर सोंगट्या खेळायला बसायचे, आणि डाव अंगावर आला की पटावर सूप पालथं घालून उठायचे. "डाव चालू आहे," असं बजावून जायचे. तो डाव पंधरा-पंधरा दिवस चालू असायचा! तांदूळ पाखडायला सूप लागलं की सासूबाई शेजारणीकडे मागायला जायच्या, पण पटावरचं हलवायची त्यांची छाती नव्हती. दुसरा हट्ट पाण्याचा. नारळी पौर्णिमेला समुद्रात नारळ पडेपर्यंत पाण्यावर पाय ठेवायचा नाही, हा त्यांचा नेम. लहानपणी त्यांनी भर आषाढात एक होडी उलटताना पाहिली होती, तेव्हापासूनचा. पण नेम पाळायचा म्हणजे किती? वाडीतला वीतभर पाटसुद्धा आषाढात उडी मारून ओलांडायचे, धोतर सावरत, छत्री उगारून. एकदा उडी चुकली आणि पाटात बसले, तर म्हणाले, "पाय नाही ठेवला. बसलो."

आता या माणसाचा आणि मुंबईच्या फुटबॉलचा संबंध काय, असं तू विचारशील. सारं गाव तेच विचारत होतं.

आमच्या वाडीत सुपारी उतरवायला धर्मा नावाचा आगऱ्याचा तरुण होता. वरचा माणूस झाडावरून घड तोडून खाली सोडायचा आणि खाली उभा असलेला धर्मा तो झेलायचा. घड जमिनीवर आपटला की फळं चिखलात पांगतात, म्हणून झेलणाऱ्याच्या हाताला फार किंमत. धर्माच्या हातून दहा वर्षांत एक घड निसटला नव्हता. मामंजी त्याच्या पाठीमागं, तुला ठेच लागली त्याच दगडावर बसायचे आणि सारखे म्हणायचे, "मागं दे, धर्मा, मागं दे." धर्मा मानही न वळवता घड मागं ठेवायचा. एकाची नजर वर, दुसऱ्याची ढिगावर. दहा वर्षं असंच.

एका हिवाळ्यात परळच्या कुठल्याशा गिरणीतले एक विणाई मास्तर हवापालटासाठी गावात राहायला आले. त्या गिरणीचा फुटबॉलचा संघ होता. खेळणाऱ्यांची नावं कापडखात्याच्या हजेरीवर आणि काम मात्र मैदानात, अशी त्या वेळी पद्धत होती. मास्तरांनी धर्माला एका हातानं घड झेलताना पाहिलं आणि जागच्या जागी म्हणाले, "हा मला गोलकीपर म्हणून द्या." मामंजींनी फुटबॉल जन्मात पाहिला नव्हता. "करायचं काय असतं त्यात?" त्यांनी विचारलं. मास्तर म्हणाले, "दार राखायचं. येईल तो चेंडू झेलायचा." "मग त्यात काय! तो आमचा धर्मा करतोच आहे," असं म्हणून मामंजींनी त्याला पाठवून दिलं. धर्माची आई काही केल्या तयार होईना. तिला ते म्हणाले, "माझ्या शब्दावर पाठव. तुझ्या पोराची मान खाली जाऊ देणार नाही." त्या दिवसापासून ती गिरणी आमच्या घरात 'आपली' झाली.

फुटबॉलचा हंगाम ऐन पावसाळ्यात आणि पावसाळ्यात आमच्याकडची बोट बंद. वर्तमानपत्रं जमिनीच्या वाटेनं चार-पाच दिवसांची एकदम यायची, ओली आणि चिकटलेली. मामंजींची नजर अधू, म्हणून वाचायचं काम माझ्यावर. मी सतरा वर्षांची, अक्षरओळख जेमतेम. सासरी आले आणि धडे गिरवले ते गिरणीच्या हरण्याजिंकण्यावर. तर मामंजींचा नियम असा की एका दिवशी एकच अंक वाचायचा, तोही ओळीनं. शेवटचा अंक आधी उघडायचा नाही. "शुक्रवारचं आधीच कळलं तर मंगळवारच्या सामन्यात जीव काय राहील?" त्यामुळे आमचं घर जगाच्या पाच दिवस मागं चालायचं. चार दिवसांपूर्वी हरून झालेल्या सामन्यासाठी मामंजी सकाळी उठून गणपतीला दूर्वा वाहायचे. मी मात्र न्हाणीघरामागं जाऊन पुढचे अंक चोरून वाचलेले असायचे. मग आमटीत मीठ टाकताना माझा हात जड व्हायचा आणि मामंजी पहिल्या घासाला म्हणायचे, "सूनबाई, मीठ दोनदा पडलंय. आपण हरलो वाटतं?"

हरतच होतो गं. पहिल्याच सामन्याची बातमी अजून माझ्या डोळ्यांपुढं आहे. मी अडखळत वाचलं, "गोलकीपरने चेंडू अप्रतिम झेलला, परंतु झेलल्यावर तो आपल्या पाठीमागे ठेवल्यामुळे गोल झाला." मामंजी म्हणाले, "पुन्हा वाच." मी पुन्हा वाचलं. "नीट वाच." जसं काही मी नीट वाचलं असतं तर चेंडू पुढं गेला असता. गावात तर हसून हसून लोकांच्या पोटात दुखायला लागलं. देवळाच्या पायऱ्यांवर मामंजींना रोज कुणीतरी विचारायचं, "काय अण्णा, आज मागं का पुढं?" त्या दिवसापासून धर्मानं धास्तीच घेतली. झेलायचंच सोडून तो चेंडू मुठीनं ढकलायला लागला आणि ढकललेला चेंडू समोरच्यांच्याच पायात जायचा. दुसरा सामना हरलो, तिसरा हरलो, चौथा तर पाच गोलांनी. गिरणी अगदी तळाला जाऊन बसली.

मामंजी मात्र हसले नाहीत, चिडले नाहीत. त्या पहिल्या बातमीनंतर चौथ्या दिवशी ते भर पावसात छत्री घेऊन वाडीत गेले आणि त्या दगडावर नुसतेच बसले. मी चहाला बोलवायला गेले तर म्हणाले, "सूनबाई, पोराची चूक नाही. मागं मी बसायचो. दहा वर्षं मीच त्याला मागं दे, मागं दे म्हणत आलो. आता मुंबईत त्याच्या मागं मी नाही, जाळं आहे. त्याच्या हाताला ते कोण सांगणार?"

आणि चौथा सामना हरल्याची बातमी आली त्या आठवड्यात धर्माची आई अंगणात येऊन उभी राहिली. डोक्यावर इरलं, डोळे सुजलेले.

"मालक, तुमचा शब्द होता."

"होता आणि आहे."

"पोर रडतंय म्हणं थितं. सगली हसतान त्याला. आना परत, न्हाय व्हायचं त्याच्यानं."

"आणीन," मामंजी म्हणाले, "पण मान खाली घातलेला नाही आणणार."

दुसऱ्या दिवशी टपाल आलं. गठ्ठ्यातला शेवटचा अंक मी चोरून उघडला. त्यात लिहिलं होतं, गिरणीचा शेवटचा सामना पुढच्या शनिवारी, गोऱ्या पलटणीशी, आणि त्यातही गोल खाल्ला तर गोलकीपरला काढून टाकणार अशी मैदानावर बोलवा. मामंजींच्या हिशेबानं अजून मागचा सोमवार चालू होता! नियमानं गेले असते तर त्यांना हे कळेपर्यंत सामना होऊन गेला असता. सासऱ्यांसमोर मान वर करून बोलायचा तो काळ नव्हता, पण मी ओसरीवर गेले आणि म्हणाले, "मामंजी, मी पुढचं वाचलंय."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. वाटलं, आता काही खरं नाही. पण ते म्हणाले, "वाच." मी वाचलं. मामंजी उठले, छत्री घेतली आणि आत ओरडले, "अहो, पोहे बांधा. मी मुंबईला निघालो."

"या पावसात? कसे?" सासूबाई बाहेर आल्या.

"चालत."

"धरमतरला खाडी लागते. नारळी पौर्णिमेला अजून वीस-बावीस दिवस आहेत."

"नागोठण्याला दगडी पूल आहे. पुलावर पाय ठेवायला माझी हरकत नाही."

म्हणजे नेमही मोडायचा नाही आणि सामनाही चुकवायचा नाही. खाडी ओलांडणाऱ्या तरीत बसले असते तर घटकाभरात पेणच्या बाजूला उतरले असते. पण हा साठीचा माणूस खाडीला वळसा घालून गुडघाभर चिखलातून नागोठण्याला गेला, पूल ओलांडला, पुन्हा वर पेणला आला, तिथून खटारा मोटारीनं पनवेल आणि पुढं पुलांवरूनच मुंबई. ती मोटारही वाटेत तीनदा ढकलली म्हणे, आणि ढकलणाऱ्यांत हे पुढं. सासूबाई चार दिवस देवापुढचा दिवा विझू देत नव्हत्या. पटावरचं सूप मात्र त्यांनी हलवलं नाही. म्हणाल्या, "डाव चालू आहे."

शनिवारी मैदानावर काय झालं ते मी मामंजींच्या तोंडून शंभर वेळा आणि धर्माच्या तोंडून एकदाच ऐकलंय. धर्माचं जास्त खरं धरते. तो सांगतो, पाऊस कोसळत होता, समोर बूटवाले धिप्पाड गोरे, इकडे आपली अनवाणी पोरं. पहिला चेंडू आला आणि हात उचलायच्या आधीच समोरून, मैदानाच्या पार मधल्या रेघेवरून आरोळी आली, "धर्मा! मी इकडं आहे! पुढं दे!" बघतो तर काळी छत्री आणि खाली चिखलानं लडबडलेले मालक. त्यानं चेंडू झेलला आणि सवयीनं जिकडे मालक तिकडे टाकला. तो थेट रेघेबाहेर मामंजींच्या पोटावर! मामंजींनी तो छत्रीखाली धरून ठेवला आणि परत देईनात. "झेललेला माल आहे," म्हणाले. पंचानं येऊन समजूत घातली तेव्हा कुठं सोडला. मग मास्तरांनी त्यांना जरा बाजूला, आपला एक खेळाडू त्यांच्या पुढं येईल असं उभं केलं, म्हणजे त्यांच्याकडं टाकलेला चेंडू त्याच्या पायात पडावा. त्यानंतर सामना संपेपर्यंत मामंजी ओरडत राहिले आणि धर्मा झेलत राहिला. डोक्यावरून आलेला, पायातून आलेला, चिखलातून घसरत आलेला. एकही मागं गेला नाही.

सामना शून्य-शून्य सुटला. त्या सबंध हंगामात आपली गिरणी हरली नाही असा हा एकच सामना, आणि तोही जिंकली नाही. पण मामंजींनी मैदानाबाहेरच्या हलवायाकडून पेढे घेऊन गोऱ्या पलटणीलासुद्धा वाटले. परत मात्र लगेच आले नाहीत. "तेवढं पुन्हा चालायला मला वेड लागलंय का?" असं पत्र आलं. धर्माच्या चाळीतल्या खोलीत राहिले आणि नारळी पौर्णिमेनंतरच्या पहिल्या बोटीनं दोघं बरोबर उतरले. धर्माची आई बंदरावर होती. पोराची मान वर होती. तिनं मामंजींच्या हातातली छत्री घेतली आणि घरापर्यंत त्यांच्या डोक्यावर धरून आली.

संघ काही वाचला नाही. तळाला राहिलेला संघ पोसायचा कशाला म्हणून दिवाळीच्या सुमाराला गिरणीनं तो मोडला. मामंजींनी ती बातमी माझ्याकडून दोनदा वाचून घेतली, पण "नीट वाच" म्हणाले नाहीत. धर्माला मात्र दुसऱ्या गिरणीनं बोलावून नेलं आणि तो पुढं कितीतरी वर्षं खेळला. त्याच हिवाळ्यात मामंजींनी चार गडी लावून, पहारी घालून तो दगड उपटला आणि झेलणाऱ्याच्या पाठीमागून समोर, ऐन वाटेत आणून बसवला. सासूबाई म्हणाल्या, "अहो, येणाऱ्याजाणाऱ्याच्या पायात येईल." तर म्हणाले, "येऊ दे. पोर कधी सुपारीला आलं, तर त्याला मी समोर दिसलो पाहिजे."

शेवटी शेवटी मामंजींना अजिबात दिसेनासं झालं. तरी सुपारी उतरवायला लागली की त्यांना हाताला धरून दगडावर नेऊन बसवायचं. धर्मा तोवर मुंबई सोडून परत आला होता. तो घड झेलायचा, चार पावलं पुढं यायचा, अलगद त्यांच्या मांडीवर ठेवायचा आणि विचारायचा, "पोचला का, मालक?" मामंजी हातानं चाचपून म्हणायचे, "पोचला."

धर्मा आता थकलाय. वाडीत येतो, दगडाशेजारी खाली बसतो, दगडावर कधी बसत नाही. परवा विचारत होता, "मालकांची पणती कधी यायची?" म्हटलं, तिला वेळ नाही. आता तर बारमाही मोटार दाराशी येते, तुला खाडीही आडवी येत नाही आणि नेमही नाही. तेव्हा सबबी पुरे. सुपारी उतरायच्या आत ये, लवकर ये. तू त्या दगडावर समोर बसलीस, तर म्हातारा अजून एक घड झेलेल.