मेनिके आक्कांनी मागितलेला पूल

तिकिरीबंडाला घोणस चावली तेव्हा नदीला पूर होता. दवाखान्याची गाडी पलीकडच्या काठावर येऊन थांबली होती, इकडून आम्हाला दिसत होती. होडीवाला पाण्यात उतरायला धजेना. पाणी ओसरेपर्यंत बंडा गेला होता.

आमच्या भागातून निवडून आलेले सभासद जयसुंदर यांनी अंत्यविधीला स्वतःचं नाव रंगवलेल्या खुर्च्या पाठवल्या आणि रस्त्यावर शोकाचा फलक लावला. त्यावर बंडापेक्षा त्यांचाच फोटो मोठा. याच गृहस्थांनी दोन निवडणुकांत दोनदा, त्याच जागी, पुलाची कोनशिला बसवली होती. बंडाच्या बायकोने, मेनिके आक्कांनी, सगळ्या खुर्च्या परत पाठवल्या. माणसं चटईवर बसली.

त्यानंतर आक्कांनी मत देणं सोडलं. मतदानाच्या दिवशी त्या मिरीच्या वेलींत काम करत. मी बोलवायला गेले की म्हणत, चोर निवडायला मी कशाला उन्हात उभी राहू?

नंतर आलेल्या राष्ट्राध्यक्षांच्या निवडणुकीलाही त्या गेल्या नाहीत. निकालानंतर माझ्याकडे नारळ मागायला आल्या, तेव्हा टीव्हीवर नवे अध्यक्ष बोलत होते. मत न देणाऱ्यांचाही मी अध्यक्ष आहे, असं ते म्हणाले. सरकारी कचेरीत हात जोडून जाऊ नका, ती तुमची आहे. विचारा, आणि उत्तर मिळेपर्यंत उठू नका.

आक्का नारळ हातात धरून शेवटपर्यंत उभ्या राहिल्या. त्यांचा चेहरा लाल झाला होता.

"इंद्राणी," त्या म्हणाल्या, "म्हणजे इतकी वर्षं आपण आपल्याच घरात भीक मागत होतो?"

सोमवारी, साहेब लोकांना भेटतात त्या दिवशी, त्या मला घेऊन कचेरीत गेल्या. दारातच जयसुंदर भेटले, छातीवर नव्या पक्षाचा बिल्ला. आपलंच सरकार आलं म्हणून त्यांनी मिठाई पुढे केली.

"तुमचं नव्हतं असं एक तरी सरकार सांगा," आक्का म्हणाल्या. रांगेतली माणसं हसली. जयसुंदर मिठाई घेऊन बाजूला झाले.

खिडकीतल्या कारकुनाने पुलाचं पुढच्या वर्षी बघू म्हणून सांगितलं. आक्कांनी फरशीवर बसकण मारली. अध्यक्षांनीच उठू नका सांगितलंय, म्हणाल्या.

"अहो बाई, निवडणूक संपली आता. टीव्हीवर काय, काहीही बोलतात."

"ते खोटं बोलले असतील तर त्यांनाही जाऊन विचारीन. आधी तू सांग. माझा नवरा या काठावर मेला आणि गाडी त्या काठावर उभी होती. पूल का नाही?"

त्यांचा आवाज चढला नव्हता. मग पेन्शनीसाठी आलेले एक आजोबा काठी टेकत त्यांच्याशेजारी खाली बसले. पाठोपाठ मी बसले. थोड्या वेळाने खिडकीपुढे उभं कोणीच उरलं नाही.

शेवटी मोठे साहेब बाहेर आले. फाईल वर पाठवलीय, असं काहीसं बोलू लागले. आक्का म्हणाल्या, फाईल नको, तुम्ही या. त्याच आठवड्यात साहेब नदीवर आले आणि बूट हातात घेऊन, होडीची कड घट्ट धरून पलीकडे गेले. परत आल्यावर तिथेच काठावर पुलाची जागा मोजायला सांगितली.

पुढच्या पावसाळ्याआधी लोखंडी दोरांचा झुलता पूल झाला. गाडी जाणार नाही, पण आजारी माणसाला उचलून नेता येतं. गावाने शुभप्रसंगी करतात तसा नारळाच्या दुधात भात शिजवून वाटला. आक्कांनी तो घेतला नाही. इतक्या झटपट होणारं काम होतं, तर माझा माणूस कशासाठी गेला, असं साहेबांना सर्वांसमोर विचारून त्या घरी निघून गेल्या.

संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेले. त्या मिरी निवडत होत्या. अध्यक्षांवर विश्वास बसला का, असं मी विचारलं.

"बसलाय," त्या म्हणाल्या. "म्हणून तर भीती वाटते. जयसुंदरने फसवलं तर मी थुंकून मोकळी होईन. याने फसवलं तर याला सोडणार नाही."

पुढच्या निवडणुकीला मात्र मला बोलवायला त्याच आल्या.