तळहातावरची तर्री

पळीतला थेंब डाव्या तळहातावर घ्यायचा, चाटायचा, डोळे मिटायचे आणि म्हणायचं, "थोडं थांबा." वर्ध्याकडच्या जाम गावच्या चौकातल्या भाऊंच्या दुकानात पोह्यांवर तर्रीचा झणझणीत रस्सा पडायचा तो यानंतरच. ट्रकवाल्याने कितीही हॉर्न वाजवावा, हे आपले डोळे मिटून उभे. मीठ मोजून टाकणाऱ्यांची त्यांना कीव यायची. "माप तराजूले लागते, तर्रीले नाई."

मी जवळच्या उपकेंद्रात नर्स. बस जामला बदलावी लागे, म्हणून सकाळचा नाश्ता त्यांच्याकडे. एकदा गंमत म्हणून त्यांच्या दंडाला पट्टा बांधला आणि गंमत तिथेच संपली. रक्तदाब इतका चढलेला की मी दोनदा मोजला. डॉक्टरांनी गोळी दिली, मीठ कमी करायला सांगितलं. गोळी ते इमानाने घेत. मिठाचं ऐकून मात्र हसले.

"ताई, घरी अळणी अन् दुकानात खारं. जिभेनं कोणाचं ऐकावं?"

मी चिडले. त्यांचा थोरला भाऊ याच दुखण्यात गेला होता, त्याची आठवण करून दिली. तसं बोलायला नको होतं, पण बोलले. दुसऱ्या दिवसापासून लोणचं बंद, घरचं मीठ निम्मं, चाखलेली तर्री थुंकून टाकायची. भाऊंच्या पत्नी, वहिनी, हळूच म्हणाल्या, "लेकरावानी ऐकून राह्यले तुमचं."

दोन महिन्यांत आकडा खाली आला. मी खूश. पण जीभही बदलली होती. अळणी खाणाऱ्याला चिमूटभर मीठही खारट लागतं, हे तुम्हाआम्हाला ठाऊक आहे. तर्रीत मीठ कमी पडू लागलं आणि त्यांना ते कळेना. लोक प्लेट अर्धी टाकून जायचे. तोंडावर मात्र कोणी काही बोललं नाही. बोलले ती मी. घास घेतला आणि सवयीने म्हटलं, "भाऊ, आज मीठ जरा कमी आहे का हो?"

ते माझ्याकडे बघतच राहिले. दारात बोट सापडलेल्या माणसासारखे.

"तुमीच सांगा ताई. मीठ सोडलं तं दुकान जाते, धरलं तं मी जातो."

"चमच्याने मोजून टाका ना."

"तीस वर्षं चाखून टाकलं. आता चमचा घेऊ?"

मग घरी लोणचं परत आलं. तर्री पहिल्यासारखी झाली. दुकानात गर्दी झाली आणि त्या गर्दीत मीही होते. पट्टा बांधायला गेलं की ते हात मागे घेत. "राहू द्या, ताई." मी राहू दिलं. एका सकाळी चाखता चाखता पळी हातातून सुटली. वर्ध्याला नेलं, पण ते परत आले नाहीत.

दुकान आता वहिनी चालवतात. मिठाच्या डब्यात एक चमचा असतो आणि तो बोटाने सपाट करून त्या मीठ टाकतात. ज्याला कमी वाटेल त्याच्यासाठी काउंटरवर मिठाची वाटी. दुकान पुन्हा उघडल्यावर मी पहिल्यांदा गेले, तेव्हा त्यांनी पळीतला थेंब माझ्याच तळहातावर टाकला.

"ताई, मीठ पाहजा बरं."

मी चाटलं. अळणी होतं.

"बरोबर आहे," मी म्हटलं. हे दोन शब्द भाऊ असताना सुचायला हवे होते.